आईच्या फाइलवर ‘आयोडीन ॲलर्जी’ लिहिलंय, आता पुन्हा डायचा सीटी सांगितलाय. काय करावं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारते आहे. वय ६७. दोन वर्षांपूर्वी तिचा पोटाचा सीटी झाला. शिरेतून डाय दिल्यावर चार-पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग मान, पाठ, पोट, सगळीकडे गांधी उठल्या आणि पापण्या सुजून डोळे अर्धे मिटले. दम लागला नाही, चक्कर आली नाही. दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं आणि सोडलं. रात्री झोपेपर्यंत सगळं उतरलं होतं. तेव्हापासून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने ‘आयोडीन ॲलर्जी’ असं ठळक लिहिलेलं आहे.

त्या स्कॅनमध्ये स्वादुपिंडात पाण्याची एक छोटी गाठ दिसली होती. तिच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून आता परत डाय देऊन सीटी करायला सांगितलाय. सेंटरवर फोन केला. एकजण म्हणाला, अशा पेशंटला आम्ही डाय देतच नाही. थोड्या वेळाने दुसऱ्याने उचलला, तो म्हणाला, येण्याआधी स्टिरॉइडची गोळी घ्या, काही होत नाही. आता कोणाचं ऐकायचं?

आईला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. बीपीसाठी मेटोप्रोलोल. मावशीचं म्हणणं असं की आईला कोळंबी खाल्ल्यावर ओठ खाजतात, म्हणजे तिला आयोडीनच चालत नाही, जखमेवर लावायचं ते तपकिरी औषधसुद्धा घरातून काढून टाका. यात तथ्य आहे का? आणि आधी थोडीशी डाय टोचून बघता येत नाही का? आई बिनधास्त आहे. झोप माझी उडाली आहे.


रिकामी_खुर्ची

टेस्ट डोस द्यायला सांगा. आमच्या काकांना आधी १ मिली दिली, अर्धा तास बसवलं, काही झालं नाही, मग पूर्ण दिली. एवढी काळजी करू नका.


शिशाचा_ॲप्रन

ताई, मी सीटी टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलावर झोपवायचं, सुई लावायची, इंजेक्टर भरायचा आणि काचेपलीकडून त्याच्याकडे बघत बसायचं, हे माझं काम. आईला कोणती गोळी द्यायची ते मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण डाय बाधते तेव्हा काय होतं ते बरंच पाहिलंय, आणि या धाग्यावर एकदोन गोष्टी अशा आल्यात की गप्प बसवत नाही.

त्या लाल अक्षरांपासून सुरुवात करते. ‘आयोडीन ॲलर्जी’ वाचून मला टेबलापाशी काहीही कळत नाही. चोरीच्या तक्रारीत ‘चोराला दोन हात होते’ एवढंच लिहावं, तसं ते आहे. सीटीच्या प्रत्येक डायमध्ये आयोडीन असतंच. ते जड मूलद्रव्य आहे, क्ष-किरण अडवतं, म्हणून तर रक्तवाहिन्या पांढऱ्या दिसतात. बेंझिनच्या एका कड्याला आयोडीनचे तीन अणू आणि बाकीच्या जागांवर रसायनांच्या बाजूच्या साखळ्या, अशी या रेणूंची सर्वसाधारण घडण. शरीर बिथरतं ते त्या अख्ख्या रेणूवर, बहुधा त्या साखळ्यांवर. नुसत्या आयोडीनची ॲलर्जी असती तर माणूस जगलाच नसता, थायरॉइडचं हार्मोन आयोडीनशिवाय बनत नाही.

कोळंबीचं त्याच ओळीत उरकते. कोळंबीने ओठ खाजतात ते तिच्या स्नायूंमधल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. त्याचा डायशी काहीही संबंध नाही. ज्यांना कुठलीही ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांना डाय बाधण्याची शक्यता इतरांपेक्षा जरा जास्त असते, पण त्यात कोळंबीला वेगळा मान नाही. जखमेचं तपकिरी औषध घरात राहू द्या. हा समज इतका चिवट आहे की मी अजून असे छापील फॉर्म बघते ज्यात ‘समुद्री अन्नाची ॲलर्जी आहे का’ हा प्रश्न दम्याच्या आधी येतो.

आता रिकामी_खुर्ची, तुमच्या काकांना काही झालं नाही याचा आनंद आहे, पण त्या १ मिलीमुळे काही सिद्ध झालं नाही. एखादा माणूस १ मिलीलाच कोसळतो, आणि एखाद्याला १ मिली पचते पण पूर्ण डोसला त्रास होतो. चाचणी नकारार्थी आली म्हणून पुढचं सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, म्हणून ही पद्धत केव्हाच सोडून दिलेली आहे. ॲलर्जीचे डॉक्टर त्वचेवर टोचून चाचण्या करतात, ते प्रकरण वेगळं. त्याकडे नंतर येते.

आधी हे बघू की तुमच्या आईला नक्की काय झालं होतं. डायचे त्रास दोन जातींचे. पहिल्या जातीत अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, मळमळतं, कधी उलटी होते. हे रेणूच्या भौतिक गुणांमुळे होतं, किती डाय आणि किती वेगाने दिली यावर ठरतं, आणि याला ॲलर्जी म्हणत नाहीत. कित्येकांच्या फाइलवर निव्वळ गरम लाटेपायी ‘ॲलर्जी’ चिकटलेली असते आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांना चांगला स्कॅन नाकारला जातो. दुसरी जात ॲलर्जीसारखी. खाज, गांधी, पापण्या-ओठ सुजणं, घसा आवळणं, शीळ घातल्यासारखा श्वास, बीपी कोसळणं. यात मास्ट पेशी नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमधून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन बाहेर पडतं. कधी त्या आधीपासून तयार असलेल्या प्रतिपिंडांमुळे पेटतात, कधी रेणू त्यांना थेट चेतवतो, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डाय घेणाऱ्यालाही हे होऊ शकतं. तुमच्या आईचा प्रकार दुसरा. अंगभर गांधी आणि चेहऱ्याला सूज म्हणजे सौम्य म्हणत नाहीत, मध्यम म्हणतात. दम लागला नाही, बीपी पडलं नाही, म्हणून गंभीर नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं यावर बेतलेलं असतं.

धीर यावा म्हणून आकडे देते. १९९० साली जपानमधून एक प्रचंड अभ्यास आला, ३,३७,६४७ वेळा डाय दिल्याच्या नोंदी. जुन्या, आयनिक (विद्युतभार असलेल्या) डायमध्ये काही ना काही त्रास १२.६६ टक्के, गंभीर ०.२२ टक्के. नव्या, नॉन-आयनिकमध्ये ३.१३ आणि ०.०४. आता जवळपास सगळीकडे शिरेतून ही नवीच वापरतात. ती आली कुठून याची एक गोष्ट आम्हाला शिकवताना सांगतात आणि मला ती फार आवडते. स्वीडनचे टॉर्स्टन अल्मेन रक्तवाहिन्यांचे फोटो काढत, आणि डाय टोचली की पेशंट वेदनेने ओरडत. समुद्रात पोहताना त्यांच्या लक्षात आलं की खारट पाण्यात डोळे उघडले की झोंबतात आणि कमी खारट पाण्यात झोंबत नाहीत. जुनी डाय रक्तापेक्षा पाच-सात पट ‘दाट’ होती. वेदना त्या दाटपणाची असणार, असं त्यांनी ताडलं आणि विद्युतभार नसलेल्या रेणूची कल्पना १९६९ मध्ये मांडली. आज पेशंट टेबलावर नुसतं ‘गरम वाटलं हो’ म्हणतो, ओरडत नाही, ही त्या माणसाची कृपा.

असो. तुम्ही आता करायचं काम एकच: मागच्या वेळी दिलेल्या डायचं नाव शोधा. त्या दिवशीचा रिपोर्ट, संमतीपत्र, डिस्चार्जचा कागद, सगळं बघा. रिपोर्टमध्ये बहुतेकदा नुसतं ‘कॉन्ट्रास्ट दिला’ (कॉन्ट्रास्ट म्हणजेच डाय) असतं, त्याने भागत नाही. स्कॅनची सीडी असेल तर कुठल्याही रेडिओलॉजी विभागात ती उघडून चित्रांच्या मागची माहिती बघायला सांगा. त्यात कॉन्ट्रास्टच्या नावासाठी एक रकाना असतो. आमच्यातले काहीजण तो प्रामाणिकपणे भरतात. काहीजण ‘येस’ लिहून मोकळे होतात. नशीब अजमावा.

नाव हवं अशासाठी, की आता भर गोळ्यांवरून हटून रेणू बदलण्यावर आलाय. फोनवरच्या दुसऱ्या माणसाची स्टिरॉइडची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. जुनी पद्धत म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोन १३, ७ आणि १ तास आधी, शिवाय एक अँटिहिस्टामिन. पण स्टिरॉइडला काम करायला निदान चार-पाच तास लागतात. स्कॅनला निघताना गिळलेली गोळी किंवा टेबलावर घाईने दिलेलं इंजेक्शन म्हणजे आपल्या मनाचं समाधान. आणि नीट वेळेवर सगळे डोस घेऊनही काहींना पुन्हा गांधी उठतात, मी स्वतः पाहिलंय. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनी तर पुरावा अपुरा म्हणून या गोळ्यांची शिफारसच सोडली. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि ॲलर्जीवाल्यांनी २०२५ मध्ये एकत्र बसून काढलेला कौल असा: आधीचा त्रास सौम्य असेल तर गोळ्या नकोत, शक्य तिथे डाय बदला. मध्यम असेल तर डाय बदला आणि गोळ्यांचा विचार माणूस बघून करा. गंभीर असेल तर आधी दुसरा कुठला स्कॅन चालतो का बघा, आणि इलाजच नसेल तर रुग्णालयात, डाय बदलून, गोळ्या देऊन, मदतीची टोळी हाताशी ठेवून. तुमच्या आईची साखर स्टिरॉइडने चढेल, हेही गोळ्यांच्या बाजूने नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न. स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठीसाठी सीटीच का? एमआरआयमधला एमआरसीपी हा प्रकार चालणार नाही का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. त्यात गाठीतलं पाणी आणि नलिका आपोआप पांढऱ्या चमकतात, त्यासाठी काही टोचावं लागत नाही, आणि अशा गाठींवर लक्ष ठेवायला तो सीटीपेक्षा बरा मानतात. सीटीवाली असून हे सांगते आहे. शरीरात पेसमेकर वगैरे नाही ना?


भूल_देणारा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी भूलतज्ज्ञ आहे, कोणी कोसळलं की स्कॅन विभागातून मला बोलावतात, म्हणून त्या बाजूचं थोडं लिहितो.

घाबरवायचं नाही, पण मेटोप्रोलोलचा उल्लेख वाचला म्हणून. ही बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी कमी करणारी गोळी आहे. गंभीर प्रतिक्रिया झालीच तर आमचं मुख्य औषध ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, प्रौढांना साधारण अर्धा मिलिग्रॅम. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, अशा वेळी ग्लुकॅगॉन लागू शकतं. म्हणून गोळी मनाने बंद करू नका (ते जास्त धोक्याचं), पण डाय द्यायच्या आधी तिथे तोंडी सांगा. कागदावर लिहिलेलं प्रत्येकजण वाचतोच असं नाही.

दुसरं, डाय दिल्यावर बीपी पडलं म्हणजे दर वेळी ॲलर्जी नसते. सुई बघून, भीतीने, उपाशीपोटी माणूस फिका पडतो, घामाने भिजतो, नाडी मंदावते. त्याचे पाय वर करतात, सलाईन देतात, गरज पडली तर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन. ॲलर्जीच्या धक्क्यात नाडी बहुधा जोरात धावते. मात्र तुमच्या आईसारख्या पेशंटच्या नाडीला बीटा-ब्लॉकरचा लगाम असतो, त्यामुळे नुसत्या नाडीवरून ठरवताना आम्हीही फसू शकतो. हेसुद्धा आधी सांगण्याचं एक कारण.

एक तक्रारही नोंदवतो. गांधी उठल्या की लोक लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन शोधतात. गांधींना बहुतेकदा अँटिहिस्टामिन पुरतं किंवा तेही लागत नाही, आणि श्वास-बीपी बिघडलं असेल तर स्टिरॉइडची वाट बघणं म्हणजे मिनिटं फुकट घालवणं. तिथे पहिलं औषध ॲड्रिनलिन. मग ऑक्सिजन, सलाईन. स्टिरॉइड सगळ्यात शेवटी आलं तरी चालतं. त्याच वेळी, घटनेनंतर एक-दोन तासांत, ट्रिप्टेज नावाच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवलं तर मास्ट पेशी फुटल्या होत्या का ते पुढे कळतं. हे फार थोड्या ठिकाणी होतं.


उशिरा_उगवलेली

मध्येच विचारते, माफ करा. माझा अनुभव उलटा आहे. स्कॅन झाला, काही नाही, घरी आले, मजेत. तिसऱ्या दिवशी सकाळी छाती-पाठीवर गोवर आल्यासारखे लाल ठिपके, भयंकर खाज. आमच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याची पुटकुळी म्हणून मलम दिलं. डायमुळे इतक्या उशिरा होऊ शकतं का? की माझ्या मनाचे खेळ?


शिशाचा_ॲप्रन

मनाचे खेळ नाहीत. डाय दिल्यापासून एक तास ते एक आठवडा या काळात त्वचेवर असं येऊ शकतं. त्यात मास्ट पेशींपेक्षा टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या, सावकाश जाग्या होणाऱ्या पेशींचा हात असतो, म्हणून वेळ लागतो. बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप जातं. तुमच्या बाबतीत तेच झालं का, हे त्वचेचे किंवा ॲलर्जीचे डॉक्टर सांगतील, पण डायचं नाव आणि तारीख तुम्हीही शोधून ठेवा, कारण तीच डाय पुन्हा मिळाली तर पुरळ पुन्हा आणि कदाचित लवकर येईल. सोबत ताप, तोंडात फोड, त्वचा सोलणं असलं काही झालं तर मात्र थेट रुग्णालय. उशिराच्या त्रासांची नोंद आमच्याकडे पोहोचतच नाही, हे आमचं मोठं आंधळेपण आहे. पेशंट बाहेर पडला की आमच्या लेखी सगळं आलबेल.

उशिराचा आणखी एक विचित्र प्रकार आहे, कुठे वाचायला मिळणार नाही म्हणून सांगते. डायनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल गालगुंड झाल्यासारखे सुजतात, लाळेच्या ग्रंथी फुगतात. दुखत फारसं नाही, काही दिवसांत उतरतं. क्वचितच होतं. एका आजोबांचा मुलगा सूज बघून गालगुंडांची साथ आली म्हणून आमच्याशीच भांडायला आला होता.


निळी_छत्री

इतकं सविस्तर लिहिलंत, तुम्हा दोघांचे किती आभार मानू. भावाने सीडी नेऊन उघडून घेतली. रकाना भरलेला होता! डायचं नाव आयोहेक्सॉल. रिपोर्टच्या मागे पेनने ८० मिली लिहिलेलं सापडलं.

हे सेंटरला कळवलं तर ते म्हणाले, मग काही प्रश्नच नाही, आम्ही आयोडिक्सॅनॉल देऊ, ती सगळ्यात सुरक्षित. पेसमेकर वगैरे नाही. एमआरआयचं आईच्या डॉक्टरांना उद्या विचारणार आहे. पण एमआरआयमध्येही डाय देतात ना? ती बाधली तर? आणि मेटफॉर्मिनचं काय, मूत्रपिंडाला डाय वाईट म्हणतात.


शिशाचा_ॲप्रन

ज्याने तो रकाना भरला त्याला माझा नमस्कार कळवा.

पण आयोडिक्सॅनॉलला थांबवा. तिची ख्याती अशी की तिचा दाटपणा रक्ताइतकाच, त्यामुळे गरम कमी वाटतं, दुखत कमी. पहिल्या जातीच्या त्रासासाठी ती खरंच चांगली. तुमच्या आईचा त्रास दुसऱ्या जातीचा, तिथे दाटपणाचा उपयोग नाही. आणि रेणू बघाल तर आयोडिक्सॅनॉल म्हणजे जवळजवळ आयोहेक्सॉलचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले. साखळ्या त्याच. नाव बदललं, माल तोच. आयोव्हरसॉल आणि आयोमेप्रॉलमध्येही त्याच प्रकारची साखळी आहे. आयोबिट्रिडॉलमध्ये ती वेगळी आहे. म्हणून डाय बदलायची तर फळीवर दुसरी जी हाताला लागेल ती, असं नको. रेडिओलॉजिस्टशी बोलून ठरवा. शक्य असेल तर आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेच्या चाचण्या करून घ्या. त्या प्रतिक्रियेनंतर एक ते सहा महिन्यांत सगळ्यात चांगल्या चालतात, तुम्हाला उशीर झालाय, पण कोणती डाय चालेल हे निवडायला अजूनही मदत होऊ शकते.

एमआरआयच्या डायमध्ये आयोडीन नसतं, गॅडोलिनियम असतं. वेगळं मूलद्रव्य, वेगळ्या रेणूच्या पिंजऱ्यात बंद केलेलं. आयोडीनच्या डायने गांधी उठल्या म्हणून गॅडोलिनियम बाधेल असं नाही. त्याचीही ॲलर्जी होते, पण सीटीच्या डायपेक्षा कमी जणांना. त्याचा खरा डाग वेगळा होता: मूत्रपिंडं निकामी झालेल्यांची त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार. २००६ मध्ये त्याचा गॅडोलिनियमशी संबंध लक्षात आला. दोष प्रामुख्याने सरळ साखळीच्या, सैल पिंजऱ्यांच्या औषधांचा होता, आणि त्यातल्या बऱ्याच औषधांचा शिरेतून वापर २०१७ मध्ये युरोपने थांबवला. आता बंद कड्याच्या पिंजऱ्याची औषधं वापरतात, गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल वगैरे. आणि मुळात नुसत्या एमआरसीपीला यातलं काहीच लागत नाही, डॉक्टरांना तेवढं पुरलं तर.

मूत्रपिंडाचं थोडक्यात. ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा आकडा) ३० च्या वर असेल आणि मूत्रपिंडाला अचानक काही झालेलं नसेल तर शिरेतून दिलेल्या डायसाठी मेटफॉर्मिन बंद करायची गरज नसते. खाली असेल तर बंद करून ४८ तासांनी तपासून पुन्हा सुरू करतात. क्रिएटिनिनची रक्ततपासणी (त्यावरूनच ईजीएफआर काढतात) अलीकडची असू द्या. डायने मूत्रपिंडं जातात ही भीती पूर्वी फारच फुगवलेली होती असं आता मूत्रपिंडाचे डॉक्टरही म्हणतात.

समजा सीटीच करायचं ठरलं, तर त्या दिवशी तीन गोष्टींवर अडून बसा. रुग्णालयातल्याच विभागात करा, एकट्या सेंटरवर नको. डाय दिल्यावर सुई लगेच काढू देऊ नका, निदान अर्धा तास शीर उघडी राहू द्या. बहुतेक जोरदार त्रास पहिल्या वीस मिनिटांत होतात आणि बीपी पडलं की नवी शीर सापडत नाही. आणि आईला सांगा, आत असताना तळहात खाजले, शिंका आल्या, घशात काही अडकल्यासारखं वाटलं की लगेच बोलायचं. आतला आवाज बाहेर ऐकू येतो. बायका, विशेषतः या वयाच्या, ‘कशाला उगाच त्रास द्यायचा’ म्हणून गप्प राहतात. काचेतून मला खाज दिसत नाही हो.


निळी_छत्री

डॉक्टरांशी बोलणं झालं. एमआरसीपी पुरेल म्हणाले, डायशिवाय. ईजीएफआर ७१ आहे. फाइलवर त्यांनी नवीन नोंद केली: आयोहेक्सॉल, ८० मिली, पाच मिनिटांत अंगभर गांधी आणि पापण्यांना सूज, श्वास व बीपी ठीक, अँटिहिस्टामिन व स्टिरॉइडने उतार. मावशीला कोळंबीचं सांगितलं, तिला पटलेलं नाही.


भूल_देणारा

नोंद उत्तम. तिचा फोटो काढून आईच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये ठेवा. अपघातात फाइल कोणी आणत नाही. आणि मावशींचा नाद सोडा.


पाळणा_हलवते

या धाग्यावर आहात तर एक विचारू का? माझ्या बहिणीला काल छातीचा सीटी डाय देऊन केला. बाळ चार महिन्यांचं, अंगावर पितं. तिथल्या नर्सने दोन दिवस दूध काढून फेकायला सांगितलं. बाळ रडून रडून हैराण आहे, बाटली घेत नाही.


शिशाचा_ॲप्रन

आयोडीनच्या डायचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही एक टक्क्याहून कमी बाळाच्या पोटातून रक्तात जातो. म्हणून आता दूध थांबवायला सांगत नाहीत, ही सूचना जुनी आहे. गॅडोलिनियमचंही तेच. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला थायरॉइड-मूत्रपिंडाचं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना आत्ता एक फोन करा. तसं काही नसेल तर पाजायला सांगा तिला.